एका पट्टीत सोललेलं संत्रं

४ जानेवारी, शनिवार

नवी वही. आर्वोने नाताळात दिली, शिसपेन्सिलीसकट, कारण शाई थंडीत गोठते आणि यंदा ही वही मी बाहेर नेणार आहे. "लिहीत जा. तेवढीच माझ्या कानांना विश्रांती," म्हणाला. रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवून चालवून माझा नवरा कमी बोलायला शिकलाय, आणि जे बोलतो ते असलं.

तर लिहिते. मी आयली, वय चोपन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना सूप वाढणारी. फेब्रुवारीत मी हिवाळी शर्यतीत उतरतेय. कमरेला स्लेज, म्हणजे सामानाची घसरगाडी, बांधून जंगलातून दोन दिवस चालायचं. इतकी वर्षं मी त्या शर्यतीचा शेवटचा थांबा सांभाळला, आमच्या टाउन हॉलमध्ये. शेगडी, कॉफी, सूप, आणि आलेल्या माणसाला पुढे सोडायचं की नाही ते ठरवायचं. हॉलच्या पुढे नुसती दलदल आहे, मैलोन्‌मैल, गोठलेली, ना घर ना दार. तिथे कुणी कोसळलं तर सापडेपर्यंत उशीर होतो.

मागच्या वर्षी मी माझ्या धाकट्या बहिणीला थांबवलं. लेम्पीला. तिच्या छातीवरचा नंबर माझ्या हाताने काढून घेतला. बायकांत ती दुसरी होती, आणि पहिली दमलेली होती. "मला अजिबात थंडी वाजत नव्हती," हे तिचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतर वर्ष झालं, तोंडाला कुलूप.

माझं चुकलं नाही, असं मला वाटतं. पण नुसतं वाटून चैन पडत नाही. तिथवर पोचलेल्या माणसाला स्वतःचं कळतं की नाही, हे मला स्वतः चालून बघायचंय. आणि माझी बहीण मला परत हवी आहे. हेही लिहून टाकते, वही काही कुणाला सांगणार नाही.

आज सौनाचा दिवस. आईवडिलांची सौना, वाफ घ्यायची लाकडी खोली, तळ्याच्या काठी आहे, लेम्पीच्या आणि माझ्या घराच्या मधोमध. सौनात भांडायचं नाही ही वडिलांची शिस्त. ती मोडायला नको म्हणून आम्ही दोघी एकत्र जातच नाही. आधी ती, मग मी. मी गेले तेव्हा बाक ओला होता आणि बादली भरून ठेवलेली. पुढच्यासाठी बादली भरून ठेवायची असते, त्यात विशेष काही नाही.

९ जानेवारी

शाळेनंतर तळ्याला वळसा. निघताना कुडकुडलं पाहिजे इतकेच कपडे घालायचे, कारण चालायला लागलं की अंग तापतं, आणि घाम आला की संपलं. ओला सदरा थांबल्या थांबल्या जीव घेतो. हे मी किती जणांना ऐकवलंय! आज मलाच टेकडीवर घाम फुटला. परत येईपर्यंत पाठीवर सदरा कडक झालेला. आर्वोने बोटाने टकटक करून पाहिलं. "आत कुणी आहे का?"

खोकला लागलाय. इतकी कोरडी हवा जोरजोरात ओढली की घसा आतून सोलवटतो. दोन दिवसांत जाईल.

१४ जानेवारी

हातांना सवय लावतेय. रोज जेवणानंतर अंगणात उघड्या हातांनी बर्फाची बादली. आधी दुखतं, मग काही कळत नाही, आणि मग मध्येच रक्त परत येतं, त्या वेळी बोटांत सुया टोचतात आणि मी अशा शिव्या देते की शेजारचं कुत्रं आत जातं. थोड्या वेळाने रक्त पुन्हा निघून जातं. येतं, जातं. शरीर दार उघडून बघतं, थंडी अजून आहे का, आणि परत लावून घेतं.

डाव्या हाताची करंगळी मात्र यायला उशीर लावते. बहुतेक आळशी आहे.

खिडकीतून लेम्पीच्या दुकानाचा दिवा दिसतो. गळाला लावायचे जिवंत मासे विकते ती, बर्फाला भोक पाडून मासेमारी करणाऱ्यांना. हल्ली उशिरापर्यंत उघडं ठेवते. मला काय करायचंय!

१८ जानेवारी, शनिवार

डोक्यात नुसता जाळ.

आर्वो जेवताना म्हणाला, "हॉल यंदा लेम्पी बघणार."

"कोण म्हणतं?"

"लेम्पीच. रस्त्यात भेटली."

"तिला काय येतं त्यातलं?"

"कॉफी येते करता." पाव तोडला, लोणी लावलं. "तुझ्यापेक्षा बरी करते."

म्हणजे मी दोन दिवस चालून पोचणार, आणि दारात उभी असणार ती. माझा नंबर ठेवायचा की काढायचा, ते ती ठरवणार. समितीवाल्यांना दुसरं कुणी मिळालं नाही म्हणे. मिळणार कसं, मी आहे म्हणून बाकीच्यांनी कधी शिकूनच घेतलं नाही.

आणि संत्र्यांचं तिला माहीत नाही. कुणालाच नाही, आर्वोलाही नाही.

हॉलमध्ये आलेल्या प्रत्येकाला मी एक संत्रं देते, साल काढायला सोपी ती छोटी जात. लोकांना वाटतं, आयली मायेची बाई आहे. मी त्यांचे हात बघत असते. थंडी वाढली की शरीर हातापायांचं रक्त काढून घेतं आणि पोटाला, छातीला देतं. घरात लाकडं कमी पडली की आपण कडेच्या खोल्या बंद करून शेगडीपाशी बसतो, तसं. त्याच्याही पुढे गेलं की डोकं बंद पडायला लागतं, आणि ते डोक्याला कळत नाही. माणसाला "कसं वाटतंय?" विचारलं तर "छान" म्हणतो. संत्रं छान म्हणत नाही. ज्याला ते सोलता आलं, तो दलदलीत जाऊ शकतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण बाहेर फुटलं तर लोक महिनाभर संत्रं सोलायचा सराव करून येतील. आमच्याकडचे लोक तसेच आहेत.

म्हणून मागच्या वर्षी लेम्पीलाही सांगितलं नाही. नुसता नंबर काढला.

२२ जानेवारी

झोप नाही. लेम्पीला संत्र्यांचं कळायला हवं. माझ्याशी अबोला असला तरी तिथे परकी माणसं येणार आहेत. उद्या जाऊन सांगते.

२३ जानेवारी

गेले. दुकानात ती एकटीच होती, टाकीत जाळी घालून मेलेले मासे वेचत होती. माझ्याकडे बघितलं, पुन्हा टाकीत बघितलं.

"किती देऊ?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. चांगली लांबलचक. तिचा हात थांबला. उबळ संपली तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "किती?"

"एक डझन," मी म्हणाले.

घरी आले. आर्वोने पिशवीत फिरणारे मासे दिव्यापुढे धरून पाहिले. "आपण मासे मारतो का हल्ली?"

"गप्प बस."

"मी काही म्हणालो नाही. त्यांची नावं ठेवायची का, तेवढं सांग."

संध्याकाळी दारात काचेची बरणी ठेवलेली. मध आणि ठेचलेला लसूण, आई खोकल्याला द्यायची तसं. चिठ्ठी नाही. आर्वोच्या ओळखीचं कुणी असेल, त्याच्या गाडीवरचे सगळेच खोकतायत. मी मात्र घेतलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज उणे चाळीस. थुंकी खाली पडायच्या आत टणक.

सकाळी हॉलच्या दारात संत्र्यांची पेटी ठेवून आले, गोठू नयेत म्हणून जुन्या रजईत गुंडाळून. काही लिहिलं नाही. पेटी आतमध्ये कुणी उचलून नेली ते मी गाडीत बसून पाहिलं. तिनेच नेली. तिच्या हातात रजई आली तेव्हा ती जरा वेळ उभी राहिली. ती रजई आमच्या लहानपणची आहे, पण माझ्याकडे तेवढी एकच जाड होती.

खोकला जवळजवळ गेला. तोंडात थोडी रक्ताची चव येते, ती घसा सुकल्यामुळे.

३ फेब्रुवारी

पहिला थांबा. पेन्सिल चालतेय. मी फार पुढे आहे, ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी पुढे. सगळे म्हणाले, आयली, दम धर. काय दम धरायचा? हॉल अजून लांब आहे आणि मला तिथे ताजीतवानी पोचायचंय. तिने बघावं.

सदरा ओला झाला होता. बदलायचा होता, पण त्यात वेळ गेला असता. चालताना अंगावरच वाळेल. इथल्या मुलीने विचारलं, "काकू, पाणी पिताय ना?" थंडीत तहान लागत नाही हे खरंच आहे, आणि सारखं लघवीला मात्र होतं. शरीर हातापायांतलं सगळं मध्यात ओढतं, मग त्याला वाटतं पाणी जास्त झालं. एवढं ढीगभर पाणी बाहेर टाकून वर पुन्हा प्यायचं कशाला? पाण्याच्या पिशवीची नळी तशीही गोठलीय.

लोण्याचे तुकडे खाल्ले. दातांना दगड लागल्यासारखे. छान वाटतंय.

४ फेब्रुवारी. की ५

हॉल. पोचले. उजेड आहे अजून. मी ठीक आहे.

आर्वो अर्धी वाट बरोबर चालला. त्या उताराच्या पलीकडून. बोलला काही नाही, नेहमीसारखा. मग कुठे गेला कोण जाणे, त्याच्यासाठी पण सूप ठेवा म्हटलं तर ही माझ्याकडे बघत बसली.

उकडतंय इथे. वाटेतही उकडत होतं, हातमोजे काढून स्लेजमध्ये टाकले. पेन्सिल जाड झालीय. मुठीत धरलीय.

लेम्पी आहे. लाल स्वेटर. आईने विणला तो तिला अजून बसतो, नवल आहे. तिने संत्रं दिलं. तिला काही माहीत नाही. मला हसू आलं. मी सोललं, एका पट्टीत, सबंध, न तुटता. वर धरून तिला दाखवलं. बघ म्हटलं. यंदाची संत्री कडू निघाली मात्र, चिवट पण. चामडं चावल्यासारखी. तरी खाल्लं सगळं.

मी ठीक आहे. हे लिहिलं का? मी ठीक आहे.

थरथर आधी होती, आता थांबली. बरं झालं, लिहायला सोपं.

लेम्पी हात पुढे करून उभी आहे. नंबर मागतेय. रडतेय का ही

७ फेब्रुवारी

घरी. उजव्या हाताने लिहितेय, डावा बांधलाय.

तिने माझा नंबर काढला. सूड, दुसरं काय! वर्षभर दबा धरून बसली होती. मी संत्रं सोललं, मी नीट बोलत होते, मी माझ्या पायांनी आत गेले होते. मला अजिबात थंडी वाजत नव्हती. उलट उकडत होतं. हे मी आर्वोला सांगितलं, तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. बघण्यासारखं काय होतं त्यात?

आणि सौनाचंही तेच. आर्वो बिचारा धावपळ करून सौना तापवून बसला होता. गारठलेल्या माणसाला आणखी कुठे नेणार? आमच्याकडे मूल जन्मलं तरी सौना, माणूस आजारी पडला तरी सौना. लेम्पी मला तिच्या गाडीतून घेऊन आली, धुराडं बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन पेटत्या शेगडीत बर्फाची अख्खी बादली ओतली. वडिलांच्या शेगडीत! आर्वो ओरडला, आर्वो, जो कधी ओरडत नाही, "वेड लागलं का तुला?"

"तिच्या बोटांना काही कळत नाहीये," ती म्हणाली. "त्या शेगडीजवळ ती भाजतील आणि तिला पत्ताही लागणार नाही. कोमट पाणी आण. कोपराने बघ, हाताने नको."

मग तिने माझा हात कितीतरी वेळ पातेल्यात धरून ठेवला. पाणी निवलं की आर्वो नवं आणायचा. बोटांत रक्त परत आलं तेव्हा मी तिला जे जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. ती हललीसुद्धा नाही. पाणी चांगलं तापलं असेल, तिचा चेहरा सगळा ओला झाला होता.

मग निघून गेली. माझ्याशी एक शब्द नाही.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, करंगळीचं टोक काळं पडलंय, पण आत्ता कापायचं नाही. कुठपर्यंत मेलंय आणि कुठून जिवंत आहे ते शरीर स्वतः दाखवतं, त्याला काही महिने लागतात. तोवर थांबायचं. मला थांबता येत नाही हे त्यांना कोण सांगणार! फुप्फुसंही तपासली. महिनाभर थंडीत धावायचं नाही.

आज वही मागे उलटून हॉलमधलं पान पाहिलं. अर्धी अक्षरं कागदाबाहेर गेलीत. आर्वोला विचारलं, "तू त्या उतारावर किती वेळ होतास?"

"कुठल्या उतारावर? मी दिवसभर मोठ्या रस्त्यावर बर्फ ढकलत होतो." मग खुर्चीत हळूच बसला. "मी काही बोललो का तिथे?"

"नाही."

"मग मीच असणार," म्हणाला, पण हसला नाही. माझा बांधलेला हात घेऊन बसून राहिला.

लाल स्वेटरचं नंतर आठवलं. तो मी स्वतः फाडून त्याची सतरंजी विणली होती, त्यालाही वर्षं झाली.

मला भीती वाटली. आज पहिल्यांदा, घरात, गरम सूप पुढे असताना. त्या दलदलीत मी गेले असते तर?

पण संत्रं मी सोललं. ते स्वच्छ आठवतं, केशरी पट्टी आणि तिचा वाससुद्धा. बाकी डोकं गेलं असेल कदाचित, हात शाबूत होते. तेवढ्यावरून तरी तिने मला सोडायला हवं होतं.

८ मार्च, शनिवार

सौना. डॉक्टरांनी परवानगी दिली, डावा हात उष्णतेपासून लांब, कापडात.

बाक कोरडा होता. शेगडी तापलेली, बादली भरलेली, पण बाक कोरडा. मी वरच्या पायरीवर बसले, तेवढ्यात दार उघडलं. लेम्पी आत आली, माझ्या शेजारी बसली. दोघींमध्ये एका माणसाची जागा सोडून. बराच वेळ दगडांवर पाणी टाकत राहिली.

मग म्हणाली, "इथे भांडायचं नसतं."

"मी कुठे भांडतेय?"

"मी भांडणार आहे, म्हणून सांगितलं." अजून एक पळी पाणी. "गेल्या वर्षी तू मला संत्रं दिलंस. मी ते एका पट्टीत सोललं, तुला वर धरून दाखवलं. एवढं नीट करणाऱ्या बाईचा तू नंबर काढलास. का, ते सांगितलं नाहीस. वर्षभर मी त्या पट्टीवर तुझ्याशी भांडत होते, मनातल्या मनात."

वाफ नाकातोंडात गेली.

"आणि यंदा मी?" मी विचारलं. "मीही एका पट्टीत सोललं ना?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आयली, तू सालीसकट खाल्लंस. सफरचंद खातात तसं. बियांसकट. रस हनुवटीवरून गळत होता. 'कडू आहे गं' म्हणालीस, आणि दुसरं मागितलंस. तेव्हाच मी नंबरासाठी हात पुढे केला."

कडू. वहीत आहे ते. माझ्याच हाताने लिहिलेलं.

"मग मी?" ती म्हणाली, आता अगदी हळू. "मी काय केलं होतं?"

मी सांगितलं. वर्षभर सांगायला हवं होतं ते. "तू संत्रं खिशात घातलंस आणि हातमोजा सोलत बसलीस. ओढून ओढून अंगठ्याची शिवण उसवलीस आणि तो अंगठा मला वर धरून दाखवलास. फार खूश होतीस."

दगड फुसफुसत होते. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, तर हसत होती, मग खरंच रडायला लागली, आणि मधली जागा कुणी ओलांडली ते मला सांगता येणार नाही.

"म्हणजे ती संत्री खायला नव्हती?" नाक पुसत म्हणाली.

"खायलाही होती."

"आणि मला वाटायचं, तू मायेने देतेस."

"मायेनेच देत होते, गाढवे."

"पण मला दिसतेय गं ती पट्टी. अजून दिसतेय."

"मलाही दिसतेय."

तिने टॉवेलच्या घडीतून एक संत्रं काढलं. पेटीतलं शेवटचं असावं, जरा सुकलेलं. माझ्या एका हाताने जमणार नव्हतं म्हणून तीच सोलायला लागली. घामाने बोटं घसरत होती. साल पहिल्याच वळणावर तुटली, मग पुन्हा तुटली, तुकडे तुकडे झाले. एकही फेकला नाही. सगळे बाकावर आमच्या मधोमध मांडले आणि दोघींनी एकेक उचलून नीट बघून घेतला.